कोल्हापुरात पाणी कोण देते?

नोकरीनिमित्त, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतरचे दिवस स्वस्थपणे घालवावेत म्हणून जो गृहस्थ कोल्हापुरात नव्याने बिऱ्हाड थाटतो, त्याला घराचे भाडे, शाळेचे अंतर आणि शेजारपाजार यांची माहिती चार ठिकाणी विचारून सहज मिळते. परंतु या घरात पाणी कोण देते, ते कोठून येते आणि न आल्यास जाब कोणाला विचारावयाचा, या प्रश्नाचे नेमके उत्तर त्याला बहुधा कोणी देत नाही. घरमालक 'पाण्याचा काही त्रास नाही' एवढ्यावर विषय संपवितो, दलाल छपरावरच्या टाकीकडे बोट दाखवून 'चोवीस तास पाणी' असे सांगतो, आणि टाकीत पाणी आहे हे खरे असले तरी ते नळाचे, बोअरचे की टँकरचे, हे खालून पाहणाऱ्याला समजण्याचा काही मार्ग नसतो. दूध कोणाचे घ्यावे, गॅसची शेगडी कोठून आणावी हे आपण ठरवितो. पाण्याच्या बाबतीत मात्र पुरवठादार निवडण्याची मुभा नाही, आणि ती नाही हे माझ्या मते योग्यच आहे, कारण जी वस्तू कोणासही नाकारता येत नाही ती पुरविण्याचे दायित्व बाजारावर न सोपविता लोकनियुक्त संस्थेवरच असले पाहिजे. घर ज्या हद्दीत, त्या हद्दीच्या संस्थेने पाणी द्यावे, अशी आपल्याकडील रचना आहे. म्हणून पाणी देणारा शोधावयाचा म्हणजे प्रथम आपल्या घराची हद्द शोधावयाची. आणि कोल्हापुरात ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. नाव पालटले, अधिकार वाढले, आयुक्त आले. हद्द मात्र जेथल्या तेथे राहिली. शहर त्या रेषेपाशी थांबले नाही. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा, उजळाईवाडी या गावांच्या शेतांत वसाहती उठल्या, बंगले झाले, सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आज नवखा मनुष्य रिक्षातून जात असता शहर कोठे संपले व गाव कोठे सुरू झाले हे त्याला सांगता येणार नाही, इतकी ही वस्ती एकजीव झाली आहे. हद्दवाढीचा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ कधी मोर्चांनी, कधी गावबंदने, कधी मंत्रालयातील बैठकांनी गाजत राहिला, आणि त्यावर तोड म्हणून २०१७ साली शासनाने शहरालगतच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. बांधकामाचे परवाने आणि विकासाचा आराखडा हे या प्राधिकरणाचे मुख्य काम असल्यामुळे नळाचे पाणी त्याच्या दारात मागून उपयोग नाही. तेथे ते पूर्वीप्रमाणे ग्रामपंचायतीकडेच मागावे लागते. परिणाम असा होतो की एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन घरे समोरासमोर असावीत, एकाला महापालिकेचे पाणी यावे आणि दुसऱ्याला ग्रामपंचायतीचे. एकाची वेळ पहाटेची आणि दुसऱ्याची एक दिवसाआड सायंकाळची.

ही हद्द ओळखण्याची खात्रीची खूण म्हणजे कराची पावती. कोल्हापुरात घरपट्टीला घरफाळा म्हणतात. घराची घरफाळ्याची पावती महापालिकेच्या नावाची असेल, जागेचा नंबर सिटी सर्व्हेचा असून मिळकत पत्रिकेवर 'ए वॉर्ड', 'सी वॉर्ड' किंवा 'ई वॉर्ड' असा उल्लेख असेल, तर पाणी महापालिकेचे. उलट कर ग्रामपंचायतीत भरला जात असेल, आकारणीचा उतारा 'नमुना नंबर ८' चा असेल आणि जमिनीची ओळख गट नंबराने दिली जात असेल, तर पत्त्यात 'कोल्हापूर' असे कितीही ठळकपणे लिहिलेले असो, पाण्यासाठी ग्रामपंचायतीचीच पायरी चढावी लागणार. पत्त्यावर, पिन कोडवर किंवा वसाहतीच्या नावातील 'नगर' या शब्दावर विसंबून घर घेणाऱ्यांची फसगत होते ती येथेच. जागेचा सौदा करताना लोक वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतात. त्याच बैठकीत अखेरच्या पाणीपट्टीची पावती मागून घेण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत, परंतु ती मागणारे थोडे.

महापालिकेच्या हद्दीत पाणी देणे हे महापालिकेचे औदार्य नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यातील आवश्यक कर्तव्यांत पाण्याचा समावेश आहे, आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही घरगुती, औद्योगिक व व्यापारी पाणीपुरवठा हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदला गेला आहे. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी त्याच रीतीने आले आहे. ही कलमे पाठ असण्याची आवश्यकता नाही, पण आपण जे मागतो आहोत ते हक्काने मागतो आहोत, ही जाणीव असलेला अर्जदार खिडकीपाशी निराळ्या आवाजात बोलतो.

आता हे पाणी येते कोठून, याकडे वळू. कारण पाणी देणाऱ्याची खरी ओळख त्याच्या कार्यालयाच्या पाटीपेक्षा त्याच्या उद्भवावरून अधिक पटते. जुने कोल्हापूर तळ्यांचे आणि विहिरींचे शहर होते. कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर ही तळी एकेक करून बुजली. एकाच्या जागी भाजी मंडई बसली, दुसऱ्याचे गांधी मैदान झाले, तिसऱ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले, आणि आज त्या मंडईत मेथीची जुडी निवडणाऱ्या बाईला आपण एका तळ्याच्या पोटात उभ्या आहोत याची कल्पनाही नसते. शहराच्या दक्षिणेस कात्यायनीच्या डोंगराचे झरे आहेत. त्या बाजूचे पाणी अडवून कळंबा तलाव बांधण्याचे आणि ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याचे काम संस्थानी दरबाराने १८८० नंतरच्या काही वर्षांत पुरे केले. यंत्र नाही, वीज नाही, जमिनीच्या चढउताराचा अभ्यास तेवढा अचूक. मंगळवार पेठेतील 'पाण्याचा खजिना' हे ठिकाण त्या व्यवस्थेची आठवण आजही नावाने जपून आहे. कळंबा तलावाला पोसणारा ओढा तो जयंती. हाच ओढा तलावाखाली शहरातून वाहू लागला की जयंती नाला होतो आणि सांडपाणी घेऊन पंचगंगेला मिळतो. एकाच प्रवाहाचा वरचा भाग पिण्याचा आणि खालचा भाग नाक धरून ओलांडण्याचा, हे या शहराच्या पाण्याचे मोठे दुःख आहे, आणि ते सांगताना मन प्रसन्न राहत नाही.

त्याच संस्थानी काळात पाण्याचा आणखी एक प्रश्न होता: पाणी आहे, परंतु ते कोणाला भरू द्यावयाचे? छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक ठिकाणी, आणि त्यांत पाणवठे व विहिरीही आल्या, अस्पृश्य मानलेल्या रयतेला मज्जाव करण्यास बंदी घातली. पाणीपुरवठ्याच्या इतिहासात धरणे आणि नळ यांचीच मोजदाद होते. माझ्या दृष्टीने या हुकमाची नोंद त्या सर्वांच्या आधी झाली पाहिजे. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधण्याचा संकल्पही महाराजांचाच. १९०८ च्या सुमारास सुरू झालेले ते काम पैशाअभावी मध्येच अडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात 'राधानगरीचे किती दरवाजे उघडले' हा प्रश्न कोल्हापुरात पेपर हाती पडताच प्रथम विचारला जातो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकवटून, आणि गुप्त मानलेल्या सरस्वतीसह पाच नद्यांचा मान घेऊन, प्रयाग चिखलीपासून पंचगंगा म्हणून वाहते. शहराच्या पाण्याचा मोठा आधार दीर्घकाळ हीच नदी राहिली. बालिंगा आणि शिंगणापूर येथे महापालिकेची उपसा केंद्रे आहेत. तेथे नदीकाठच्या जॅकवेलमधून कच्चे पाणी पंपाने उचलून बालिंगा, पुईखडी व कसबा बावडा येथील शुद्धीकरण केंद्रांत नेले जाते, तुरटी देऊन गाळ बसविला जातो, वाळूच्या थरातून गाळून क्लोरीन मिसळले जाते, आणि मग ते उंच टाक्यांत चढवून पेठापेठांत सोडले जाते. ज्या बालिंगा आणि शिंगणापूर या गावांच्या नावाने ही केंद्रे ओळखली जातात, ती गावे स्वतः महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. सामान्यतः सी आणि डी वॉर्डातील जुन्या पेठांचा संबंध बालिंग्याशी येतो. म्हणून 'बालिंगा योजनेवर अवलंबून असणाऱ्या भागात पाणीपुरवठा होणार नाही, दुसऱ्या दिवशी अपुरा व कमी दाबाने होईल' असे निवेदन वर्तमानपत्रात येते, तेव्हा आपले घर कोणत्या योजनेवर व कोणत्या टाकीवर आहे हे ज्याला ठाऊक आहे तोच आदल्या रात्री हंडे भरून ठेवतो. हे विचारण्याचे उत्तम स्थान कार्यालय नव्हे, गल्ली. ठरल्या वेळी सायकलीवरून वा दुचाकीवरून येऊन, रस्त्यातील चेंबरचे झाकण बाजूला सारून, लांब दांड्याच्या किल्लीने व्हॉल्व्ह फिरवून जो कर्मचारी पाणी सोडतो, त्याला टाकी, वाहिनी, वेळ आणि गळती ही चारही तोंडपाठ असतात.

नदीकाठचा उपसा आणि नदीचा पूर यांचे वैर कोल्हापूरने भोगले आहे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये त्याहीपेक्षा चढले. उपसा केंद्रे पाण्यात गेली, पंप बंद पडले, आणि चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात लोक टँकरपुढे घागरी घेऊन उभे राहिले. उन्हाळ्यात त्याच नदीच्या प्रदूषणाची तक्रार असते. पंचगंगेच्या काठी खाली वसलेल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची जी साथ आली तिने अनेकांचे प्राण घेतले, आणि दूषित पाण्याचा प्रश्न तेव्हापासून जिल्ह्याच्या जिव्हारी बसला.

या दोन्ही संकटांवर उपाय म्हणून थेट धरणातून बंद नळाने पाणी आणावे अशी मागणी शहरात पिढ्यान्‌पिढ्या होत होती. आंदोलने झाली, निवडणुका त्यावर लढविल्या गेल्या, आणि अखेर २०१३ मध्ये योजनेला मंजुरी मिळून पुढील वर्षी काम सुरू झाले. राधानगरी तालुक्यातील काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणातून सुमारे ५३ किलोमीटर लांबीची वाहिनी पुईखडीपर्यंत टाकावयाची होती. वनखात्याची परवानगी, वाटेतील गावांच्या हरकती, खडकाळ जमीन आणि महामारीचा काळ यांत वर्षे सरली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, धरणाचे पाणी पुईखडीला पोहोचले. शहराच्या आनंदाला त्या दिवशी सीमा नव्हती, आणि तो आनंद रास्त होता. परंतु एवढ्या लांबीची वाहिनी आणि तिच्या मुखाशी बसविलेले विजेचे पंप म्हणजे बिघाडाच्या जागाही तितक्याच; पंप वा वीजवाहिनी यांत बिघाड होताच शहराला पुन्हा शिंगणापूर आणि बालिंग्याकडे वळावे लागते. म्हणून नवी वाहिनी आली, आता जुन्या योजना मोडीत काढाव्यात, असा विचार कोणी करीत असेल तर तो मला सर्वथा अमान्य आहे. कळंबा, भोगावती, पंचगंगा आणि दूधगंगा असे चार आधार ज्या शहरापाशी आहेत, त्याने त्यांतील एकही गमावता कामा नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महापालिका पाणी देते, तरी पाण्याची धनी ती नव्हे. धरणातील व नदीतील पाण्यावर राज्याच्या जलसंपदा विभागाचा ताबा असतो, पिण्यासाठीचा वाटा तो मंजूर करतो आणि उचललेल्या पाण्याची आकारणी करतो. पंपाची वीज महावितरणची. दूधगंगेच्या पाण्यात तर कर्नाटकाचाही हिस्सा आहे, आणि इचलकरंजीने सुळकूड येथून त्याच नदीचे पाणी मागितले तेव्हा कागल परिसरातील शेतकऱ्यांनी केवढा विरोध उभा केला हे ताजे आहे. नळ कोरडा पडला की आपण महापालिकेवर रागावतो, पण कारण कधी धरणाच्या भिंतीवर असते, कधी विजेच्या तारेत आणि कधी आपल्याच गल्लीतील फुटक्या वाहिनीत.

हद्दीबाहेरचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. काही गावांना स्वतःची विहीर, पंप आणि टाकी आहे. ती योजना ग्रामपंचायत चालविते आणि जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग तिचे तांत्रिक काम पाहतो. गांधीनगर, उचगाव आणि आजूबाजूच्या गावांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची प्रादेशिक योजना आहे. तेथे पाणी प्राधिकरण आणते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्वतंत्र व्यवस्था असल्याने तेथील कारखानदाराने महापालिकेत अर्ज करणे व्यर्थ होय. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि माणशी ५५ लिटर हे उद्दिष्ट ठरले आहे. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी १३५ लिटर हे मान धरले जाते. शहराला चिकटलेल्या, सदनिकांनी भरलेल्या गावाला ग्रामीण मापाने पाणी मोजून द्यावयाचे, हा व्यवहार न्यायाचा नाही. तेथील रहिवासी बोअरवर आणि टँकरवर जो खर्च करतात तो या तफावतीचा परिणाम आहे.

बोअरच्या पाण्याविषयी लोक निष्काळजी असतात. कोल्हापूरच्या बसाल्टी खडकातील पाणी बहुधा जड असते. बादलीच्या कडेला पांढरी पुटे चढतात, डाळ लवकर शिजत नाही, आणि एवढ्यावर चौकशी थांबते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून घेता येतो, आणि नव्या इमारतीत राहावयास जाण्यापूर्वी सोसायटीने तो तपासून घेतलाच पाहिजे. नळाच्या पाण्यासाठी आरोग्य कर्मचारी जी 'ओ. टी.' चाचणी करतात ती एकदा पाहण्यासारखी आहे. लहान काचनळीत नळाचे ताजे पाणी घ्यावयाचे, त्यात ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाचे थेंब टाकावयाचे आणि नळी पांढऱ्या कागदापुढे धरावयाची. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर फिकट पिवळा रंग उमटतो, नसेल तर पाणी होते तसेच राहते. भारतीय मानकानुसार लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन नळाच्या टोकापर्यंत उरले पाहिजे. वाहिनीच्या शेवटच्या घरात रंग उमटत नसेल तर मध्ये कोठेतरी गळती आहे आणि गटाराचे पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे, असे समजून त्याच दिवशी तक्रार करावी. ग्रामपंचायतींत ब्लीचिंग पावडर मिसळण्याचे काम जलसुरक्षकाकडे असते, आणि स्रोतांची पाहणी करून गावाला हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. घर घेण्यापूर्वी ग्रामपंचायतीत जाऊन 'यंदा कोणते कार्ड मिळाले?' असे विचारणे यात काही गैर नाही. लाल कार्ड असेल तर साथीचा धोका आहे असाच त्याचा अर्थ.

राहता राहिला अर्ज. महापालिका हद्दीतील नव्या नळजोडणीसाठी मालकीचा पुरावा, घरफाळा थकबाकी नसल्याचा दाखला आणि परवानाधारक प्लंबरची सही असलेला अर्ज लागतो, आणि गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी व ताराराणी मार्केट या चार विभागीय कार्यालयांपैकी आपल्या भागाचे कोणते हे आधी पाहून घ्यावे. भाडेकरूने जोडणी मालकाच्याच नावे आहे आणि पाणीपट्टीची मागील बाकी उरलेली नाही, याची खात्री करार करतानाच करावी. बाकीची वसुली राहत्या माणसाच्या नळावर येते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये नवी जोडणी, नावात बदल, जोडणीच्या आकारात बदल, पुनर्जोडणी, नादुरुस्त मीटरची आणि पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार या सेवा अधिसूचित असून प्रत्येकीला मुदत आहे. अर्ज दिल्याबरोबर तारीख व क्रमांक असलेली पोच घ्यावी. मुदत टळल्यास तीस दिवसांत प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि तेथेही दाद न लागल्यास तिसरे अपील राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे करता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्याच कायद्यात आहे. तोंडी तक्रारीवर यांतील काहीच होत नाही, म्हणून गल्लीतील पाणी सोडणाऱ्यास सांगून झाल्यावरही तेच कागदावर लिहून विभागीय कार्यालयात द्यावे.